इंकिंग म्हणजे नुसतं गिरवणं नाही: कॉमिकमधलं पात्र डिजिटल शाईत कसं उतरतं?

कात्रजच्या सर्पोद्यानात नागाच्या काचेसमोर गर्दी थांबते ती फोटोसाठी. फणा निघाला की मोबाईल वर होतात, नाही निघाला की गर्दी पुढे सरकते. पण एखादा स्केचबुकवाला तिथेच अर्धा तास उभा असेल तर तो फण्याची वाट बघत नसतो. साप वळला की पोटाकडचे खवले कुठून दिसायला लागतात, हे तो बघत असतो. कारण घरी जाऊन टॅब्लेटवर त्या सापाला काळी रेघ द्यायची वेळ येते तेव्हा तेवढी एकच गोष्ट कामाला येते.

हे सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांनी १९८६ साली उभं केलं. त्याआधी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहण्याचा विक्रम त्यांच्या नावावर लागला होता. आता गंमत बघा. त्याच १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ बाजारात आणला. अंगात साप, अंगावर हिरवे खवले आणि पुढची कितीतरी वर्षं पोरांच्या दप्तरात मुक्काम. परशुराम शर्मा यांनी लिहिलेल्या पहिल्या अंकाची चित्रं होती प्रताप मुळीक आणि त्यांचे सहायक संजय अष्टपुत्रे यांची. म्हणजे हिंदीतल्या या सुपरहिरोला पहिली रेघ दिली ती मराठी चित्रकारांनी. सर्पोद्यान आणि नागराज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, साल जुळलं एवढाच योगायोग. पण कॉमिकच्या पात्राला शाई कशी देतात हे समजून घ्यायला याहून सोयीची जोडी सापडणार नाही.

मुळीकांचं नाव मराठी घरांत त्याआधीच पोचलेलं होतं. ‘अमर चित्र कथा’चा ‘शिवाजी’ हा अंक आठवत असेल, तर त्याची चित्रं मुळीकांची होती आणि लेखन ‘फास्टर फेणे’वाल्या भा. रा. भागवतांचं.

मुळात शाई का द्यायची?

कॉमिकचं पान साधारण चार हातांतून जातं. पेन्सिलर चित्र रचतो, इंकर त्याला शाई देतो, मग रंग भरणारा येतो, शेवटी अक्षरं टाकणारा. छोट्या कामात चारही हात एकाच माणसाचे असतात, ते वेगळं.

यातलं इंकिंग आलं ते छपाईच्या अडचणीतून. जुन्या तंत्रात पानाचा कॅमेऱ्याने फोटो काढून त्यावरून छपाईचा ठसा बनायचा. त्या कॅमेऱ्याला दोनच गोष्टी कळायच्या, काळं आणि पांढरं. पेन्सिलचा करडा रंग त्याला झेपायचा नाही. फिकट रेघ गायब व्हायची, गडद रेघ डागासारखी उठायची. म्हणून पेन्सिलवर बोरूने, निबने किंवा ब्रशने पक्की काळी शाई फिरवायची आणि खालची पेन्सिल खोडून टाकायची.

यातूनच निळ्या पेन्सिलीची युक्ती आली. त्या फिल्मला फिकट निळा आणि पांढरा यात फरक कळत नसे. मग चित्रकार कच्चं काम निळ्या पेन्सिलीने करायचे, म्हणजे खोडायचीही गरज नाही. आज टॅब्लेटवर कॅमेऱ्याचा प्रश्नच नाही. तरी जगभरचे इंकर खालचा कच्चा लेयर निळा करूनच काम सुरू करतात. कारण आता डोळ्यांचं आहे: निळ्यावर काळी रेघ स्पष्ट उठून दिसते, कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं याचा गोंधळ होत नाही.

शाईचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. शाळेतल्या कंपासपेटीपासून वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंकपर्यंत सगळ्यांना माहीत असलेली कॅमलिन ही दांडेकर बंधूंची कंपनी १९३१ मध्ये सुरू झाली ती शाईपासूनच, ‘हॉर्स ब्रँड’ नावाने.

‘तू तर फक्त गिरवतोस’

इंकरला हे वाक्य ऐकावं लागतं. केविन स्मिथच्या १९९७ सालच्या ‘चेझिंग एमी’ या सिनेमात एक इंकर आहे. त्याला एक वाचक तोंडावर सांगतो की तुझं काम म्हणजे नुसतं ट्रेसिंग, आणि प्रकरण हातघाईवर येतं. सिनेमात तो विनोद आहे. इंकरांना तो तितकासा विनोदी वाटत नाही.

गिरवणं म्हणजे जी रेघ आहे तीच पुन्हा काढणं. पण पेन्सिलीत एक रेघ नसतेच. एका खांद्यासाठी चार-पाच रेघा असतात, त्यातली खरी कुठली हे ठरवायचं असतं. ती कुठे जाड, कुठे बारीक, कुठे तुटलेली, हेही ठरवायचं असतं. पेन्सिलरने करड्या छटेत सावली दिलेली असते आणि इंकरकडे करडा रंग नसतो. मग ती सावली पूर्ण काळी करायची, रेघांनी दाखवायची की सोडूनच द्यायची? प्रत्येक पानावर असे शेकडो निर्णय असतात.

म्हणून एकाच चित्रकाराची पानं दोन इंकरांकडे गेली की दोन वेगळी पुस्तकं होतात. अमेरिकेत जॅक कर्बीच्या पेन्सिलवर जो सिनॉट यांनी १९६५ पासून ‘फॅन्टास्टिक फोर’ला शाई दिली, आणि ती जोडी आजही आदर्श मानतात. त्याच कर्बीच्या ‘थॉर’ला विन्स कोलेटा शाई द्यायचे. वेळ वाचवायला पार्श्वभूमीतले तपशील, कधी कधी माणसंसुद्धा खोडून टाकण्याबद्दल त्यांचं नाव निघतं. पेन्सिलरने काढलेला माणूस छापील पानावर नाहीच! गिरवणाऱ्याच्या हातात एवढी ताकद नसते.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर ‘टिंकल’ उघडा. सुप्पांडीला राम वाईरकरांनी रूप दिलं आणि पुढे त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी तो काढला. शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, नंतर सॅव्हिओ मस्कारेन्हस यांचा. डोक्याचा आकार तोच, डोळ्यांवर आलेली टोपी तीच. पण दोन काळातले अंक शेजारी ठेवले की रेघ वेगळी बोलते.

टॅब्लेटवर प्रत्यक्षात काय होतं

संगणकावर कॉमिक काढायचा प्रयोग तसा जुना आहे. १९८५ मध्ये आलेलं ‘शॅटर’ हे कॉमिक पहिल्या पिढीच्या मॅकिंटॉशवर, माऊसने काढलेलं होतं. रेघा अक्षरशः पायऱ्यापायऱ्यांच्या. दाब ओळखणारे पेन टॅब्लेट स्वस्त झाल्यावर आणि २०१५ मध्ये ॲपल पेन्सिल आल्यावर चित्र बदललं. आज ‘क्लिप स्टुडिओ पेंट’, ‘प्रोक्रिएट’ आणि पूर्णपणे मोफत असलेलं ‘क्रिटा’ ही नावं विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात. यातल्या कुठल्याही ॲपमध्ये चांगलं इंकिंग होतं, ॲपवरून भांडण्यात अर्थ नाही.

खरं भांडण पानाच्या आकारावरून व्हायला हवं, कारण बहुतेकांची चूक तिथे होते. छपाईसाठीची रेघ साधारण ६०० डीपीआयवर काढतात. ए-फोर पान ६०० डीपीआयवर घेतलं तर ते ४,९६० बाय ७,०१६ पिक्सेलचं होतं, म्हणजे जवळपास साडेतीन कोटी पिक्सेल. रंगीत लेयर असेल तर एकेक लेयर मेमरीत १४० एमबीच्या आसपास जागा मागतो. चार जीबी रॅमचा लॅपटॉप वीस लेयरवर का गुदमरतो, याचं उत्तर हे आहे. रेघेचा लेयर फक्त काळा-पांढरा ठेवला तर तेच पान साडेचार एमबीच्या आत बसतं. ‘क्लिप स्टुडिओ’मध्ये ही सोय लेयरच्या सेटिंगमध्येच असते, आणि ती न वापरणाऱ्यांची संख्या बघून आश्चर्य वाटतं.

आता याच पानाचं दुसरं टोक. चित्र शेवटी इन्स्टाग्रामवर जाणार असेल तर तिथे रुंदी उरते १,०८० पिक्सेल. पान साधारण साडेचार पट आक्रसतं. मूळ पानावरची चार पिक्सेलची नाजूक रेघ, जी कागदावर ०.१७ मिलिमीटरची छान बारीक रेघ म्हणून छापली गेली असती, ती मोबाईलवर एका पिक्सेलपेक्षाही कमी होते आणि करडी पडते. रात्रभर बसून काढलेले खवले पोस्टवर धुक्यासारखे दिसतात ते याच्यामुळे. ॲप बिघडलेलं नसतं, इन्स्टाग्रामचा डावही नसतो. छापायचं की मोबाईलवर दाखवायचं हे आधी ठरवून सगळ्यात बारीक रेघेची जाडी त्यावरून पक्की करायची असते. फक्त मोबाईलसाठी असेल तर ती सात-आठ पिक्सेलखाली नेऊ नये.

पुढचं काम असं. कच्च्या चित्राचा लेयर निळा आणि फिकट करायचा, वीस-तीस टक्क्यांवर. त्यावर कोरा लेयर. ब्रश एकच, फार तर दोन. नवशिक्या माणसाकडे दोनशे ब्रश असतात आणि मुरलेल्याकडे दोन, हे निरीक्षण कुठल्याही चित्रकाराला विचारून बघा. टॅब्लेटचं पेन दाबाच्या ८,१९२ पातळ्या ओळखतं असं खोक्यावर लिहिलेलं असतं. पण आपला हात हलका आहे की जड, यानुसार ॲपमधला दाबाचा आलेख जुळवून घेतला नाही तर त्या हजारो पातळ्यांतल्या मधल्याच थोड्या वापरल्या जातात आणि रेघ एकसुरी येते.

रेघ मनगटातून नाही, कोपरातून आणि खांद्यातून ओढायची. लांब वळणासाठी कॅनव्हास फिरवून घ्यायचा, कारण प्रत्येक हाताला एक सोयीची दिशा असते. ‘स्टॅबिलायझर’ नावाची सोय थरथर काढून टाकते. बेताने वापरली तर ती आधार आहे. जास्त वाढवली की रेघ पेनाच्या मागे रबरासारखी ओढली जाते, सगळी वळणं सारखीच गुळगुळीत होतात आणि पात्र प्लास्टिकच्या खेळण्यासारखं दिसायला लागतं.

आणि मग ते ‘अनडू’. कागदावर शाई सांडली की पान गेलं, त्यामुळे जुना इंकर रेघ ओढण्याआधी विचार करायचा. टॅब्लेटवर एकच रेघ तीस वेळा ओढता येते. भीती गेली हे चांगलंच झालं. पण तिसाव्या वेळी आलेली रेघ बहुतेकदा बिनचूक असते आणि मेलेली असते. त्यावर एक साधा उपाय अनेक जण वापरतात: एका रेघेला तीनच संधी. त्यात जमली नाही तर दोष हाताचा नसून खालच्या कच्च्या चित्राचा असतो, तिकडे परत जायचं.

झूमचंही तसंच. ४०० टक्क्यांवर जाऊन पापण्या रंगवल्या जातात आणि पान लहान केल्यावर कळतं की अख्खा चेहराच काळा झालाय. दुसऱ्या खिडकीत तेच पान कायम छोटं उघडं ठेवावं.

जाडी कुठून येते

बाहेरची कड जाड, आतल्या रेघा बारीक, हा पहिला नियम. जवळचं जाड, लांबचं बारीक, हा दुसरा. उजेडाच्या बाजूला रेघ पातळ होते, कधी तुटतेसुद्धा, आणि सावलीच्या बाजूला भरते. जिथे वजन पडतं, म्हणजे जमिनीवर टेकलेली टाच, वाकलेला गुडघा, मुठीत धरलेली दोरी, तिथे रेघ जाड. हे जमलं की सावली न देताही पात्राला वजन येतं.

त्यानंतर काळे भाग. पानावर पूर्ण काळे ठिपके कुठे ठेवायचे हे इंकिंगमधलं सगळ्यात अवघड काम, कारण वाचकाची नजर त्यांच्यावरूनच उड्या मारत पुढे जाते. ते भरायला टॅब्लेटवर एक टिचकी पुरते, त्यामुळे भीती कमी आणि मोहही कमीच. नवे लोक काळं वापरतच नाहीत. सगळं पान बारीक रेघांनी भरतात.

इथे कात्रजला परत यावं लागतं.

मण्यार हा साप काळ्याचा धडा आहे. चकचकीत काळं-निळसर अंग, त्यावर पांढऱ्या बारीक आडव्या पट्ट्या. याला रेघा देत बसलं तर फसलंच. आधी सगळा काळा भरायचा, मग पांढऱ्या पट्ट्या खोडरबराने कापून काढायच्या आणि पाठीवर चकाकीची एक तुटक पांढरी रेघ सोडायची. घोणस उलट. तिच्या पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. त्या रांगा अंगाच्या वळणाबरोबर फिरल्या की जाडजूड अंग आपोआप गोल दिसतं. त्या सरळ गेल्या की घोणस सपाट, नक्षीदार पट्ट्यासारखी.

नागाचा फणा म्हणजे बरगड्या पसरून ताणलेली कातडी. ताणल्यामुळे खवले एकमेकांपासून लांब जातात, मधली कातडी दिसते. म्हणून फण्यावर रेघा विरळ हव्यात, मानेखाली दाट. बहुतेक चित्रांत नेमकं उलटं असतं, कारण फणा आकर्षक वाटतो आणि माणूस तिथेच तपशील ओतत बसतो. पोटाखालचे खवले रुंद आणि आडवे, शिडीच्या पायऱ्यांसारखे. साप कुठे वळलाय, कुठे उचललाय हे त्या पायऱ्यांवरून कळतं. सर्पोद्यानातला तो स्केचबुकवाला अर्धा तास जे बघत होता ते हेच.

आणि डोळे. नागाला मांजरासारखी उभी बाहुली काढायची चूक इतकी रुळली आहे की बरोबर चित्र चुकीचं वाटावं. नाग आणि धामण यांची बाहुली गोल असते. उभी फट असते ती घोणस आणि फुरशाची. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे राग, संशय वगैरे दाखवायला कॉमिकवाले भुवईसारखी कड वाढवतात. ती सूट घ्यायला हरकत नाही, पण घेतोय हे माहीत असावं.

नागराजसारखं पात्र तर माणूस आणि साप दोन्ही. त्याच्या अंगावरचा प्रत्येक खवला काढला तर स्नायू दिसेनासे होतात आणि माणूस अननसासारखा दिसतो. खवले फक्त जिथे उजेड संपून सावली सुरू होते त्या कडेला द्यायचे. छातीचा मधला भाग मोकळा सोडला तरी वाचकाचा मेंदू बाकीचे खवले स्वतः भरतो.

रंगाकडे जाताना

रेघेचा लेयर रंगवाल्याला द्यायच्या आधी रेघांमधल्या फटी बघायच्या, नाहीतर हाताचा रंग आकाशात सांडतो. छपाईला जाणार असेल तर रेघेचा काळा फक्त काळ्या शाईचाच आहे ना, हेही बघावं. आरजीबीतून आपोआप बदललेला काळा चार शाईंच्या मिश्रणातून बनतो आणि छापताना प्लेट केसभर सरकली तरी रेघेच्या कडेला लाल-निळी झालर दिसते. हे एकदा अनुभवल्यावर माणूस विसरत नाही.

नाव कोणाचं, फाइल कोणाची

कागदाच्या जमान्यात शाईचं मूळ पान ही एक वस्तू असायची. ती विकता यायची, भिंतीवर लागायची. डिजिटल इंकिंगमध्ये असं मूळ पान नसतंच, असते ती लेयरची फाइल. आणि जे हातात धरता येत नाही त्याचं श्रेय लवकर गळतं. राज कॉमिक्सने अनुपम सिन्हा यांच्या चित्रांसोबत इंकर विनोद कुमार यांचं नाव छापलं, त्यामुळे वाचकांना ते पाठ झालं. सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये मात्र इंकरला टॅग करायला बरेचदा विसरतात. अमेरिकेतही २००८ मध्ये इंकरांसाठी वेगळे ‘इंकवेल’ पुरस्कार सुरू करावे लागले.

इन्स्टाग्रामवरून काम घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी यातला कायदा उपयोगाचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही आपलं कर्तृत्व सांगण्याचा अधिकार कलाकाराकडे राहतो. कलम १९ म्हणतं की हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. नोकरीत असताना केलेलं काम वेगळं, तिथे वेगळा करार नसेल तर पहिला मालक नोकरी देणारा. म्हणजे ‘व्हॉट्सॲपवर हो म्हणालो होतो’ एवढ्यावर सगळे हक्क आपोआप गेले असं मानायचं कारण नाही.

पुरावा म्हणून कच्च्या रेघांसकट लेयरची मूळ फाइल जपून ठेवावी. ‘प्रोक्रिएट’ काम चालू असतानाच त्याचा व्हिडिओ तयार करून ठेवतं, तोही सांभाळावा. एका सूचनेवर तयार चित्र देणाऱ्या यंत्रांच्या दिवसांत ‘हे खरंच हाताने केलंय का’ हा प्रश्न आता ग्राहकच विचारायला लागलेत. समोरच्याला द्यायची ती सपाट केलेली फाइल. लेयरवाली द्यायची असेल तर तसं आधी ठरवून, त्याचे पैसे धरून.

सराव करायचा असेल तर फोटोवरून करण्याआधी एकदा प्रत्यक्ष साप बघून करावा. कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय, ज्यात हे सर्पोद्यान आहे, दर बुधवारी बंद असतं.